बाक, एका पायाचं

सेंट्रिंगच्या फळ्या होत्या. सिमेंट लागलेल्या,
खिळ्यांच्या भोकांनी चाळण झालेल्या.
हुमेरानं मेट्रोच्या खांबाखालून आणल्या
टेंपोवाल्याला साडेतीनशे देऊन,
आणि म्हणाली, मामा, रंधा नाही मारायचा.

रंधा नाही मारायचा!
एकतीस वर्षं या कॉलेजच्या वर्कशॉपात
पोरांना मी एकच शिकवत आलो :
हात फिरव, कूस लागली तर काम बाकी आहे.
ती म्हणाली, माणूस टेकतो तेवढंच घासू.
बाकी सिमेंट राहू दे.
राहू दिलं.

मधे एकच पाय. त्यावर
नाना पेठेतून आणलेलं जुन्या रिक्षाचं बेअरिंग.
रिकामं असलं की बाक एका अंगाला कलतं.
एकटे बसलात तर जमिनीवर.
दोन टोकांना दोघं बसले तरच सपाट,
आणि जो जड, त्यानं आत सरकायचं.
एवढंच तिचं डिझाइन.
तीन महिने लागले. माझा अंगठा दोनदा ठेचला.

शेजारी निषाद वाळिंबेचं घर :
बांबू, पुठ्ठा, सायकलच्या ट्यूबा.
दहा बाय बारात पाच माणसं कशी राहतील
याचा प्रयोग. घडी होणारी भिंत,
भिंतीतून निघणारी खाट, खाटेखाली ओटा.
वाकून आत जायचं. हौसेनं दाखवलं त्यानं.
मी म्हटलं, छान आहे.
हे नाही म्हटलं, की जनता वसाहतीत
माझी बायको हाच प्रयोग
रोज रात्री साडेदहाला करते,
परीक्षक नसतात, एवढंच.
पण एक सांगितलं : खाट उलट्या अंगाला उघडू दे,
नाहीतर रात्री उठणाऱ्याचा पाय
झोपलेल्याच्या तोंडावर येतो.
त्यानं वहीत लिहून घेतलं
आणि खाली नावही घातलं माझं,
नुसतं, पांचाळ.

प्रदर्शनाच्या दिवशी हुमेरानं पाटी लावली :
बसा.
लोक आले. आई-बाप, काका, धायरीचे, कॅम्पातले.
एक आजोबा चष्मा वर करून
खाली बारीक अक्षरात आणखी काही आहे का
ते बघून गेले.
या शहरात पाटीनं कुणाला कधी काही करू दिलंय?
कुणी बसेना. फोटो काढले.
एकीनं पर्स ठेवली, ती घसरली.

चारला बाहेरचे परीक्षक आले.
बसले, ते थेट खाली.
हुमेराचं तोंड पांढरं.
ते उठले नाहीत. तिरपे बसूनच म्हणाले,
याचा उपयोग काय?

उत्तर पाठ होतं तिचं. इंग्रजीत, दोन पानं.
पॉलिश करताना मी तीनदा ऐकलेलं.
पण शब्द फुटेना.

मी कोपऱ्यात हातोडी आणि फेव्हिकॉल घेऊन उभा,
कुणाचं काही निखळलं तर असावं म्हणून.
मला कुणी बोलावलं नव्हतं.
गेलो, आणि ओट्यावर चढतात तसा
वरच्या टोकावर चढून बसलो.

काही झालं नाही.
मी त्रेपन्न किलो, ते असतील नव्वद.
मी वर, पाय लोंबकळत, बाटलीतला फेव्हिकॉल हातात.
साहेब खाली, मान वळवून माझ्याकडे बघत.
कुणीतरी हसलं.
तेव्हा हुमेराला आवाज सापडला, मराठीत :
सर, तुम्ही आत सरका.

ते सरकले. थोडं. अजून थोडं.
मी खाली येत गेलो
आणि माझ्या चपला फरशीला लागल्या.
बोललो नाही आम्ही काही.
त्यांनी रुमालानं मान पुसली.
मी सवयीनं फळीवर हात फिरवला,
सिमेंट होतं तिथेसुद्धा.

मार्क किती पडले, मी विचारलं नाही.
बाक आता वॉचमनच्या केबिनमागे असतं,
तिच्या घोरपडीच्या जिन्यातून ते जाईना.
दुपारी डबा घेऊन मी भालेरावला हाक मारतो.
भालेराव अंगानं थोराड.
न सांगता आत सरकतो,
आणि आधी माझ्या डब्यात काय आहे ते बघतो.