कोरी जागा

जॉर्जिया, एकोणीसशे एक्कावन्न.
मी लायनोटाइपवर, बाहीवर शिशाचे डाग.

पान दोन:
मिसेस ड्रूरी पायरीवरून घसरल्या,
त्यांचा घोटा मुरगळला.
मिसेस पेटिग्रू मावसबहिणीकडून परतल्या.
मिसेस हॉलोवे यांच्या मांजरीला
चार पिल्लं.

पान सात, तळाशी:
हेस्टर टार्व्हर मेली. काळी. सुईण. वय एकाहत्तर.

नियम कुठे लिहिलेला नव्हता.
बोटांनाच ठाऊक होता,
एम या कळीकडे कधी जायचं
आणि कधी नाही.

लूएला, तिची मुलगी, मागच्या दारानं आली.
शब्दाला चार सेंट.
तिनं मोजून ठेवले, वर आणखी चार.
‘नावाच्या आधी मिसेस घाला.’
कारकून रागावला नाही. ‘तो शब्द विकत नाही आम्ही.’
‘मग तेवढी जागा द्या.
कोरी.
कोऱ्याचे किती?’

त्यानं जरा विचार केला,
आणि चारच घेतले.

मी जागा ओतली.
शिशात कोरी जागाही
भरल्याइतकीच जड असते.
संपादक म्हणाले, ओळ सरकलीय, डोळे उघडे ठेव.
ठेवतो, म्हणालो.

पेपर टाकणारा पोरगा सांगत होता,
तीस अंक नेले तिनं,
आणि वाण्याकडून निळ्या शाईची दौत.

माझ्या जन्माच्या रात्री
डॉक्टर पुरात अडकला होता.
माझी नाळ त्यांनी कापली,
मिसेस टार्व्हर यांनी.
हे मी कारकुनाला
सांगितलं नव्हतं.