पिशवीचे चाळीस

सोमवारी रात्री भाव काढायला बसले,
गोलूच्या वहीचं पान फाडून, चौकोन करून.
झबली दहा. टोपडी पाच.
स्वेटर त्यानं एकदाच घातला,
त्या साली वाढोण्याला थंडी पडलीच नाही,
म्हणून पन्नास.
मग पन्नास खोडून चाळीस.
मग चाळिसाकडेच पाहत बसले.

दुधाचा डाग असला तर किती कमी करायचे?
साबणानं जात नाही, उन्हानं जात नाही,
म्हणजे तो कापडाचाच झाला,
मग कमी काहून करायचे?
आणि हे दोन फ्रॉक.
मुलगीच होईल म्हणून नणंदेनं आधीच आणलेले.
सहा वर्षं पेटीत राहिलेलं नवं
कोणत्या भावानं जातं?
नवरा म्हणाला, लाइट बंद कर आता.

मंगळवारी गुंफाबाईच्या मिरच्यांशेजारी चादर टाकली.
"अवं, झबल्याईले ठसका लागन," ती म्हणाली,
आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून
काट्याचं दोनशेचं माप टोपड्यांवर ठेवलं.

बायका थांबत. उलटं करून शिवण पाहत.
वास घेत, लपून नाही, चक्क नाकाला लावून,
आणि ठेवून देत
होती त्याहून नीट घडी करून.
एक म्हणाली, "लेकराच्या अंगावरचं इकतेत का बाप्पा?"
लंगोटांचा जुडा तेवढा गेला.
भांडेवाली आली. सगळ्या ढिगाची
एक लहान परात सांगितली.
तिच्या हिशोबात डाग नव्हते, महिने नव्हते,
नुसतं कापड होतं.
मला ते बरं वाटलं, आणि मी नाही म्हटलं.

एकच्या बसनं दोघी उतरल्या,
सासू पुढं, सून मागं, सातवा तरी असेल.
सून बसली. बसायला तिला वेळ लागला.
पिवळं झबलं तिनं पोटावर धरून पाहिलं,
दुकानात लुगडं खांद्यावर टाकून पाहतात तसं.
"केवढ्याले?"
"दहा."
"थांब प्रणाली," सासू म्हणाली,
"पह्यलं अंगडं इकत नसते घेत.
मांगून घेतलं त लाभते. ज्याचं लेकरू धड आहे त्याच्या घरचं."
मग माझ्याकडे वळून, "तुयं पोरगं कसं आहे?"
"बोरं पाडायला गेलंय."
"म्हंजे धडच आहे."

पण तिला फुकट मागायचं नव्हतं,
पदराची गाठ सोडून नोटा तिनं हातात धरल्या होत्या.
आणि मला फुकट द्यायचं नव्हतं, का लपवू?
सव्वीस जानेवारीला गोलूला बूट हवेत,
दोनशे ऐंशीचे.
आम्ही तिघी झबल्याकडे पाहत राहिलो,
जसं काही तेच बोलणार होतं.

बोलली गुंफाबाई. मिरची मोजता मोजता, वर न पाहता:
"थैली इक ना वं. कपडे मांगू दे तिले."

तर युरियाच्या गोणीची, घरीच शिवलेली पिशवी
त्या दिवशी चाळीस रुपयांना गेली.
सासूनं तीस म्हटलं होतं,
बंद ओढून, टाके नखानं तपासून.
मी म्हटलं, ओझं पेलते. पस्तीस? नाही.

पैसे मोजून झाले तेव्हा सुनेनं पदर पसरला.
आता हसेल असं वाटलं. हसली नाही.
"ताई, लेकराचं एखांदं जुनेर द्या."
मी चार झबली टाकली, दोन टोपडी,
आणि स्वेटर.
त्याची चिठ्ठी काढताना टाचणी बोटात गेली.

सांजेला हिशोब केला, एकशे पाच.
बूट पुढच्या मंगळवारी.
गोलू आला, खिशातली बोरं चादरीवर ओतली,
उरलेला एक फ्रॉक उचलला.
"हे कोनाचं?"
मी घड्या घालत राहिले.
नुकतंच वाचायला लागलाय तो,
चिठ्ठीवर बोट ठेवून त्यानं वाचलं,
"पंधरा,"
एखादीचं नाव वाचावं तसं.