केवळ संशोधनासाठी

लोहगावहून कुरिअर आलं तेव्हा साडेअकरा वाजले होते.
थर्माकोलच्या खोक्यात कोरड्या बर्फाची वाफ
आणि तळाशी करंगळीच्या पेराएवढी कुपी.
पन्नास मायक्रोलिटर प्रतिपिंड. माझा दीड महिन्याचा पगार.
सही करण्याआधी हात पुसून घेतले.

लेबलवर होतं: सशात तयार केलेलं.
कुठल्या देशातला ससा, माहीत नाही. नाव नाही, नंबर आहे.
त्याला भूक टोचली.
ती एकटी इतकी लहान, अठ्ठावीस मण्यांची सर,
की सशाचं रक्त तिच्याकडे ढुंकून बघेना.
म्हणून समुद्री गोगलगायीच्या जाडजूड प्रथिनाला तिला जोडलं,
लुकड्या पोराला पैलवान मामाचं बोट धरून
तालमीत पाठवावं तसं.
मग कुठे सशाने तिला परकी ठरवलं
आणि तिच्या मापाचे हात घडवले.

तिसऱ्या मण्यावर तेलाचा थेंब असतो.
तो असेल तरच भूक ही भूक,
नाहीतर नुसती सर; मेंदूत कुणी दार उघडत नाही.
हे हात तो थेंब चाचपतात.
नसेल तर सोडून देतात.
इतकं नीट कुणी कुणाला ओळखतं का, मी म्हटलं.
सबनीस सर म्हणाले, उणे वीसला ठेव आधी.

गुरुवारी पाषाणला महावितरणची दुरुस्ती.
जनरेटर लागेपर्यंत अकरा मिनिटं
मी फ्रीजरचं दार पाठीने दाबून उभी होते,
आत कुणी निजलंय जणू.

स्वयंसेवक चाळीस. रात्रीपासून उपाशी या, असं सांगितलेलं.
मार्केट यार्डातले लहू शेंडकर पहाटेच्या गाड्या उतरवून आले,
म्हणाले, या वेळेला उपाशीच असतो की, त्यात काय.
रिसबुडबाई सातच्या ठोक्याला हजर.
काही म्हणजे काही खाल्लं नाही,
फक्त साबुदाण्याची खिचडी, आज चतुर्थी ना.
त्यांचा नमुना बाद केला, चहा दिला.
खारी नको म्हणाल्या. उपास आहे.

ताटलीत शहाण्णव घरं, माणशी दोन.
रिसबुडबाईंची दोन रिकामी राहिली.

अण्णांचं जठर काढून वर्ष होत आलं.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं
ते भोंग्यावर जेवले. आता आतला भोंगाच गेला.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत विचारतात,
मला भूक लागली असेल का गं?
तीन चमचे वरणभात. दोन तासांनी पुन्हा तीन चमचे.

त्यांच्या तपासणीच्या वेळी मी एक नळी जास्त भरून घेतली होती.
बोपोडीहून पाषाणला ती बर्फातून आली,
माझ्या डब्याच्या पिशवीत, दह्याशेजारी.
परवानगी कुणाची नव्हती. अण्णांचीसुद्धा.

रंग आधी निळा येतो, आम्ल घातलं की पिवळा.
लहूंच्या घरात हळदीच्या पाण्यासारखा गर्द.
शेवटची दोन घरं बघायला
ताटली खिडकीशी नेली, उजेडात तिरकी धरली.
लिंबाची साल पाण्यात पडून राहावी, तितकंच काहीतरी.
यंत्राने आकडा दिला. शून्य नव्हता.
शून्याच्या इतका जवळ होता
की सर म्हणाले असते, गोंगाट आहे.
आतड्यातही थोडी बनते म्हणा. पुस्तकात आहे.

कुपीसोबतच्या कागदावर शेवटची ओळ:
केवळ संशोधनासाठी. निदानासाठी नाही.
वहीत त्या दोन घरांपुढे मी आडवी रेघ मारली.

संध्याकाळी मेथी निवडत होते.
घड्याळ बाहेरच्या खोलीत, लाइट गेलेली.
अण्णा आत आले
आणि पातेल्यावरचं झाकण उचलून बघितलं.
काय हवंय, मी विचारलं.
काही नाही, म्हणाले,
आणि झाकण जरा तिरकं ठेवून गेले.