घंटेला उत्तर

सहाशे फूट लांब, आणि आता कुठंच जायचं नाही.
'हॅरिएट कोल्बी' धक्क्याला बांधलेली,
दोरखंडांनी कमी, विम्याच्या कागदांनी जास्त.
तिकीट बारा डॉलर. म्हाताऱ्यांना नऊ.
ऑर्व्हो निस्कानेनला फुकट,
तो इथलं सामानच आहे, असं तिकिटवाली पोरगी म्हणते.

गोड्या पाण्यात लोखंड सावकाश म्हातारं होतं.
माणसाचं तसं नाही.
बावीस हंगाम त्यानं खाली इंजिनाला तेल पाजलं;
वर सुपीरियर सरोवर आहे
हे फक्त तळपायांना कळायचं.
नोव्हेंबरात जरा जास्तच.

ज्या पोटात लोहखनिज भरायचे
तिथं आता शनिवारी लग्नं लागतात.
नवरीच्या पांढऱ्या झग्याच्या घोळाला
एक तांबूस रेघ लागतेच,
कितीही धुवा, सांध्यांतून धूळ येते.
फोटोवाला वैतागतो. ऑर्व्हो गप्प.
लेम्पीनं हीच रेघ त्याच्या सदऱ्यांवरून
बावीस वर्षं शिव्या देत घासली होती.

आज शाळेची सहल.
तो इंजिनघरात पोरांना सांगतोय
वाफ म्हणजे काय, पिस्टन म्हणजे काय,
तिसऱ्या वाक्यावर अडलाय, दरवेळी तिथंच अडतो,
तेवढ्यात
टणण्ण.
हुकमाच्या तबकडीवरचा काटा 'थांबा'वरून निघाला
आणि 'पूर्ण वेगानं पुढे'वर जाऊन बसला.

वर सुकाणूघरात कुणीतरी बारक्यानं दांडा ओढला असणार.
'हात लावू नये' लिहिलंय. लिहून काय होतं.

बॉयलर थंड. शहाऐंशी साली शेवटचा विझवला, त्यानंच.
पंख्याची दोन पाती कापून बागेत ठेवलीत,
त्यांवर बसून लोक आइस्क्रीम खातात.

पण हाताला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
हात उठला, दांडा धरला,
काटा काट्याला नेऊन भिडवला:
समजलं. पूर्ण वेगानं पुढे.

वर एकदम चिडीचूप.
मग लोखंडी जिन्यांवरून धडाधडा बूट,
आणि दारात एक मुलगी, पुढचा दात पडलेली,
धापा टाकत:
"मी नुसतं विचारलं, तर खालून कुणीतरी हो म्हणालं!"

ऑर्व्होनं चिंधीला हात पुसले. तेल नव्हतंच.
"मग इथं काय करतेस?" तो म्हणाला.
"सुकाणू सोडून येतात का कुणी?"