पांढरीचा सातबारा

काळीचा सातबारा असतो.
पांढरीचा कुणाकडे असतो,
हे सेलूच्या कचेरीत रुजू होईपर्यंत
मला कधी सुचलं नव्हतं.

अकरा महिन्यांचं कंत्राट, पानामागे चाळीस पैसे,
एक स्कॅनर, आणि एक कपाट,
ज्याची किल्ली रिटायर झालेल्या शिपायाबरोबर
मानवतला निघून गेलेली.
कुलूप तोडलं, त्याचाही पंचनामा केला.
आत उंदरांच्या लेंड्या,
कसर लागू नये म्हणून कुणीतरी टाकलेली तंबाखूची पूड,
आणि पिंपळगव्हाणच्या टेकाडाचे दोन रुमाल,
सत्तर वर्षांपूर्वीची गाठ तशीच.

अहवालाचा मराठी तर्जुमा आधी वाचला.
त्यात सगळं आपोआप घडतं.
रांजण आढळला. चूल आढळली.
शंखाची बांगडी मिळून आली.
जणू दुधनेकाठची ती पांढरी
एका रात्रीत स्वतःच उकरून बसली
आणि सकाळी साहेबांना म्हणाली, मोजा.

हजेरीपट मात्र उर्दूत.
तो वाचायला मंगळवारी मुनव्वर मास्तर येतात,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
मानधनाचा विषय काढला की
चहात साखर जास्त झाली म्हणतात.

बाहेरच्या फळ्यावर मी खडूनं लिहिलं:
जुने कागद कुणीही बघावेत. अर्ज नको.
लोक आले. जातीची नोंद शोधत आले,
पणजोबाच्या नावापुढचा एकच शब्द बघून
झेरॉक्स घेऊन गेले.
टेकाडाचं कुणी विचारलं नाही.

मग केवळाबाई आली, पिंपळगव्हाणची.
उंबऱ्याबाहेरच चप्पल काढली.
“मही माय व्हती तिथं खंदायला.
तिचं नाव आसंल का ओ?”

मास्तरांचं बोट उजवीकडून डावीकडे चाललं.
गंगू, ठकू, लाडू, दोन सखू,
आणि मग: धुरपता, जौजे मारोती.
खंदक तीन. रोज बारा आणे, हाली.
डाव्या हाताचा अंगठा.

पुढं समासात काहीतरी होतं.
मास्तर थांबले. चष्मा पुसला.
माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.
“वाचा की,” ती म्हणाली.
“एक मणी कम. आधी मजुरी वजा.”

पंखा फिरत होता. रुमालाचं टोक हलत होतं.
मी म्हटलं, मावशी, हे पान बाजूला ठेवता येईल.
(येत नव्हतं. पानांना आकडे पडले होते.
तरी म्हटलं.)

ती बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत बसली.
मणी घेतला होता का, मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
“राहू दे,” म्हणाली.
“चोरी लिवली म्हनून तं नाव लिवलं दोनदा.
बाकीच्यांचं एकदाच हाय.”

खरंच होतं. समासातही धुरपता होती,
घाईच्या अक्षरात, शाई जास्त.

“आता हे कोनालाबी दिसंल?”
कुणालाही.
“कलेक्टरला?”
त्यांनाही.
“आन् मला?”
तिच्याकडे फोन होता, बटणांचा.
मी प्रिंट काढली, एका जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर,
कोरा कागद संपला होता.
तिनं घडी घातली नाही.
सुरळी केली, पदरात धरली,
आणि दोन रुपये टेबलावर ठेवून गेली.
ते कुठल्या खात्यात जमा करायचे
हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी पानं तपासली.
एकशे बाराव्या पानापासून पुढं
प्रत्येक पानावर, वरच्या कोपऱ्यात,
एकाच जागी एक पांढरा ठिपका.
काच पुसत चला, म्हणाले.

पुसली.
बोटाला लागली ती धूळ नव्हती,
माती होती. त्या टेकाडाची.
ती पानं पुन्हा स्कॅन करायची आहेत.
उद्या करीन.