मुस्तिया

पेटीतल्या लेट्यूसची पानं दुपारी लुळी पडली
की माझी सासू, दोन्या तोमासा, म्हणायची: मुस्तियास.
आणि भाव निम्म्यावर आणायची.
शब्द म्हणजे चार पेसोंचं नुकसान
एवढंच मला तेव्हा कळलं.
नवी होते. ज्वालामुखीपलीकडच्या गावातून
कालव्यांच्या या गावात दिलेली.
आमच्याकडे निवडुंगाची शेती.
निवडुंगाला मान नसते,
तो टाकणार काय?

मग तिचा भाऊ रंडका झाला.
अंगणात खुर्ची घेऊन बसायचा, टोपी गुडघ्यावर,
कोंबड्या पायांवरून चालत गेल्या तरी हलायचा नाही.
मुस्तियो झालाय, बायका म्हणाल्या.
शेवटी ओ लागला की शब्द पुरुष होतो,
मान मात्र तशीच.
मी त्याला कॉफी नेऊन द्यायचे.
लेट्यूसवर पाणी शिंपडतात, तशी.

आणि एकदा होडीवाल्याच्या कुठल्याशा चावटपणावर
मी धुणं हातात घेऊन हसले. मोठ्यानं. सगळे दात दाखवून.
रात्री भिंतीपलीकडून ऐकलं:
ही? ही तर मुस्तिया आहे, मुस्तिया!
मी आरशात पाहिलं.
गाल टवटवीत, मान सरळ.
हासिंतोला विचारलं. तो नांगी मोडलेल्या विंचवासारखा
बूट काढता काढता थांबला.
म्हणजे साळसूद, म्हणाला.
वरून गरीब गाय.
पुढचं त्यानं सांगितलं नाही, बूट काढला.

आठवडाभर मी मान ताठ ठेवून चालले.
खाली घातली तर शब्द खरा,
वर ठेवली तरी खराच.

एप्रिलच्या एका भर दुपारी
चिनाम्पावरचे भोपळ्याचे वेल मेलेले दिसले मला.
ओल्या फडक्यासारखी लोंबत होती पानं, एकूण एक.
मी बादली घेऊन धावले, कालव्यात गुडघाभर उतरले.
वर काठावर ती विळा घासत बसलेली.
राहू दे गं, म्हणाली, सोंग आहे त्यांचं.
उन्हं उतरू देत.

उन्हं उतरली.
आधी एका पानाचा देठ, मग पलीकडचा,
जणू कुणी नाव घेऊन हाक मारतंय.
अंधार पडेस्तोवर सगळी पानं उभी,
झालंच काय होतं, अशा थाटात.
मुस्तियास, ती म्हणाली,
आणि या वेळी भाव उतरवला नाही.
आपल्याच लबाड लेकीबद्दल बोलावं तसं.
बादली मी तिथेच उपडी केली.
मला वाटलं, दुसरा अर्थ
पहिल्यातूनच उगवला असणार:
पाणी वाचवायचं तर
मेल्याचं सोंग घ्यावंच लागतं थोडं.

हासिंतो गेला त्या नोव्हेंबरात.
वेदीवर त्याचा फोटो, झेंडूसारखी ती केशरी फुलं,
त्याच्या आवडीची बिअर, न उघडलेली.
दोन्या तोमासानं भिंतीकडे तोंड केलं.
जेवेना. बोलेना.
डॉक्टरनं कागदावर लांबलचक नाव लिहिलं.
शेजारणींनी छोटं तेच वापरलं.
मीही.
रोज ताट न्यायचे,
रोज तसंच परत आणायचे.
माझ्या रडण्याला घरात जागाच उरली नव्हती,
तिनं सगळी अडवून ठेवलेली.

एकोणिसाव्या रात्री स्वयंपाकघरात उजेड दिसला.
ती उभी होती अनवाणी,
भांड्यावरचं झाकण बाजूला,
थंड तोर्तियानं कालचा घेवडा
ओरपत होती. रस कोपरापर्यंत.
मी दारात.
तिनं मला पाहिलं.
मी तिला पाहिलं.

मुस्तिया, मी म्हणाले.
हळूच. पण म्हणाले.

बराच वेळ ती नुसतं चावत राहिली.
मग म्हणाली,
मीठ विसरलीस यात.

मी मीठ पुढे सरकवलं, आणि माझंही ताट घेतलं.
तिची मान खालीच होती,
पण घेवड्याकडे.