तीस नावांपर्यंत मोफत

हजेरीपटावर एकेचाळीस,
आणि ती साइट म्हणते, तीस नावांपर्यंत मोफत.
एकतिसाव्यापासून डॉलर.
म्हणून दुसरं खातं काढलं, मिस्टरांच्या ईमेलवर.
आता त्यांना रोज संध्याकाळी कळवलं जातं
की सहावी ब मधल्या अकरा मुलांनी
आज 'केळी' हा शब्द पूर्ण केला.
ते विचारतात, एक डझन की अर्धा?

अंबडच्या कारखान्यांमागे आमची शाळा.
दुपारी प्रेसचा ठोका भिंतीतून येतो,
मुलं त्याच तालावर पाढे म्हणतात.
खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधलेला
माझा फोन, कारण रेंज तिथेच.
एकेकाने यायचं. पडद्यावर शब्द उमटतो.
तो म्हणायचा. हिरवी खूण,
नाहीतर एक बाई, जिला कधीच सर्दी होत नाही,
म्हणते: पुन्हा – प्रयत्न – करा.

लवली कुमारी.
नावात दोन ल, आणि ळ
तिच्या बापाच्या गावाकडेही नाही.
शाला. नल. फला.
पुन्हा – प्रयत्न – करा.
राहतेस कुठे गं?
चुंचाले.
स्वतःच्या पत्त्यात नापास होऊन
ती जागेवर गेली, वेणीचं टोक चावत.

मग पबित्र बेहेरा
(हजेरीत कुणीतरी त्याचं 'पवित्र' करून टाकलंय).
जूनपासून दहा वाक्यं बोलला नसेल.
काळा.
हिरवी.
नळ. हिरवी. मिसळ. हिरवी.
तेजल खैरनारची झाली नव्हती,
आणि ती जन्मापासून सिडकोतली.
मॅडम, हे आमच्याकडेपण आहे.
ओडियात.
कळा म्हणजे काळा. फळ म्हणजे फळच.

म्हणजे हे अक्षर तो येतानाच घेऊन आला होता
गंजामहून, दोन गाड्या बदलून,
आणि पाच महिने आम्ही त्याला तेच देत होतो
हळूहळू,
मोठ्या आवाजात.

शाळा सुटल्यावर मी गजापाशी गेले.
मी ताहाराबादची. माय म्हणायची,
डोयामा काजय घाल.
डीएडच्या पहिल्याच पाठात तोंडून 'फया' गेलं,
आणि मागच्या बाकावरून जे हसू आलं
ते अजून आलेलंच आहे.
वीस वर्षं मी ळ च्या आधी जराशी थांबते,
फाटक नसलेले रूळ ओलांडावेत तशी.
आजूबाजूला कुणी नाही बघून म्हटलं: डोया.
पुन्हा – प्रयत्न – करा.
डोया.
पुन्हा –

आवाज बंद केला. भाषांची यादी उघडली.
स्वाहिली होती. वेल्श होती.
कुणीच बोलत नाही अशीही एक होती, हौसेने बनवलेली.
मी 'अहिराणी' टाइप केलं.
त्यांनी अदबीने विचारलं:
तुम्हाला 'अरबी' म्हणायचं आहे का?

डिसेंबरात तीसचे दहा झाले.
मी दोन्ही खाती बंद केली.
मिस्टर म्हणाले, काय, केळी संपली?
लवली आता पबित्रच्या बाकावर बसते.
तो सांगतो, जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
बदल्यात ती त्याचे अपूर्णांक करून देते,
ते मला माहीत नाही असं दोघांना वाटतं.

शुक्रवार, शेवटचा तास.
घसा बसलेला, पायांत गोळे,
फोन पर्समध्ये मेलेला.
आणि बेसावध म्हणून गेले:
फया पुसा रे कुणीतरी.

क्षणभर नुसता प्रेसचा ठोका.
मग चाळीस तोंडांतून ती बाई,
सर्दी न होणारी:
पुन्हा – प्रयत्न – करा!
लवलीचा आवाज सगळ्यांत वर.
मलाही हसू आवरेना,
टेबलाला धरून हसले.

पबित्र तेवढा उठला,
डस्टर घेतलं
आणि फया पुसला.